गळ्याची शिवण

स्वरयंत्र काढून टाकल्यावर घशाच्या पुढच्या भिंतीत भगदाड उरते. सर्जन त्याच्या कडा एकत्र आणून शिवतो. ही शिवण धरली नाही, तर गिळलेली लाळ अन्ननलिकेत न उतरता मानेच्या मांसातून वाट काढते आणि कातडी फोडून बाहेर येते. रुग्णालयात या वाटेला फिस्टुला म्हणतात. आयुर्वेदात नळीसारख्या वाहत्या जखमेसाठी नाडीव्रण हा जुना शब्द आहे आणि तो इथे चपखल बसतो. रुग्णाचे नातेवाईक यांपैकी कुठलाच शब्द वापरत नाहीत. 'मानेतून थुंकी गळते,' एवढेच ते सांगतात, आणि त्यात सगळे येते.

माणसाच्या तोंडात दिवसाला लिटरभर ते दीड लिटर लाळ तयार होते. तोंडातून काही खाल्ले नाही तरी ती थांबत नाही. तिच्यात जंतू असतात, पचनाचे रस असतात, आणि मानेत तिच्या शेजारीच मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी असते. म्हणून ही गळती म्हणजे केवळ लांबलेला मुक्काम नव्हे. आठवडेच्या आठवडे नाकातल्या नळीवर काढावे लागतात, नंतरचे रेडिएशन लांबणीवर पडते, आणि क्वचित ती धमनीच फुटते. ही गळती कोणाला होते आणि का, या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला पहिल्या शस्त्रक्रियेपासून सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

पहिली शस्त्रक्रिया व्हिएन्नात झाली. थिओडोर बिलरोथ यांचे सहायक व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी १८७० मध्ये कुत्र्यांचे स्वरयंत्र काढून प्राणी जगू शकतो हे दाखवले होते. ३१ डिसेंबर १८७३ रोजी बिलरोथ यांनी कर्करोगासाठी माणसाचे संपूर्ण स्वरयंत्र काढले. रुग्ण वाचला. त्यांचे दुसरे सहायक कार्ल गुसेनबाउअर यांनी त्याच्यासाठी कृत्रिम स्वरयंत्रही घडवले. पण कर्करोग उलटला आणि सुमारे सात महिन्यांनी रुग्ण गेला.

या शस्त्रक्रियेत आजच्या अर्थाची गळती नव्हती, कारण आजच्या अर्थाची शिवणच नव्हती. घसा आणि श्वासनलिका यांच्यामधली वाट मोकळी ठेवली जात असे आणि कृत्रिम यंत्र त्याच पोकळीत बसवले जाई. लाळ आणि अन्न सरळ फुप्फुसात उतरत. सुरुवातीच्या काळात अनेक रुग्ण शस्त्रक्रियेतून उठले आणि न्यूमोनियाने दगावले. शस्त्रक्रियेची दहशत किती होती हे जर्मन सम्राट तिसरा फ्रेडरिक याच्या आजारात दिसते. १८८७ मध्ये त्याच्या स्वरयंत्रावर गाठ आढळली. जर्मन सर्जन शस्त्रक्रियेच्या बाजूचे होते, तर इंग्रज तज्ज्ञ मोरेल मॅकेन्झी यांना कर्करोगाचा पुरावा हवा होता. वाद चिघळला. १८८८ च्या फेब्रुवारीत केवळ श्वासासाठी मानेत छिद्र पाडावे लागले, मार्चमध्ये तो गादीवर बसला आणि १५ जूनला मरण पावला. राज्य ९९ दिवसांचे.

बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हा न्यूमोनियाचा तिढा सोडवला. श्वासनलिका घशापासून पूर्ण तोडून तिचे तोंड मानेच्या कातडीला शिवायचे आणि घसा वेगळा बंद करायचा. त्यांचे सहकारी सोरेन्सन यांच्यासह त्यांनी ही रीत पक्की केली. मानेवरचा त्यांचा यू-आकाराचा छेद अजूनही ग्लुक-सोरेन्सन छेद म्हणून ओळखला जातो. रुग्ण आता बुडत नव्हते. पण घसा बंद करायचा म्हणजे शिवण आली, आणि शिवणीबरोबर तिचे उसवणे आले. जीव वाचवणाऱ्या सुधारणेनेच हा फिस्टुला जन्माला घातला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

तेव्हापासून कित्येक दशके सर्जनांचे लक्ष टाक्यांवर खिळलेले राहिले. टाका कसा घ्यावा म्हणजे आतल्या त्वचेच्या कडा आतल्या बाजूला वळतील? शिवण सरळ रेषेत असावी की टी-आकारात? थर दोन घ्यावेत की तीन? टी-आकारात तीन रेषा जिथे भेटतात तो बिंदू सर्वांत कच्चा, हे अनुभवाने कळले होते आणि ते खरेही होते. ताण पडलेली शिवण फाटते, हे तर शिंप्यालाही कळते. तरीही एकाच हाताने, एकाच धाग्याने घातलेली शिवण एका रुग्णात धरते आणि दुसऱ्यात सुटते, याचा उलगडा टाक्यांतून होत नव्हता.

दरम्यान कर्करोगावर दुसरे हत्यार आले. पॅरिसमध्ये आँरी कुतार यांनी १९२० च्या दशकात क्ष-किरणांचा मोठा मारा एकदम न करता तो रोज थोडा, असा अनेक आठवडे दिला आणि स्वरयंत्राचे काही कर्करोग शस्त्राशिवाय बरे केले. आज जगभर रेडिएशन याच तत्त्वाने दिले जाते. मराठी आणि गुजराती रुग्ण त्याला 'शेक' म्हणतात. आवाज वाचवणारा हा उपचार मोठे वरदान होते. त्याची किंमत मात्र पुढे त्याच शिवणीला मोजावी लागणार होती.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, त्या दुःखातून ही कल्पना निघाली. सुरुवात ८० खाटांनी झाली. आज जिथले रुग्ण परळला येतात, ते दादरा-नगर हवेलीतले सिल्वासा त्या वर्षी पोर्तुगीज अमलाखाली होते. मराठ्यांशी झालेल्या १७७९ च्या तहानुसार नगर हवेलीचा प्रदेश १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला होता. दमणगंगेच्या काठच्या वारली किंवा कोकणा शेतकऱ्याला मुंबई ही दुसऱ्या साम्राज्यातली जागा होती, जरी वापीचे स्टेशन पंधरा-वीस किलोमीटरवर असले तरी. २ ऑगस्ट १९५४ रोजी आझाद गोमंतक दलाच्या आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी सिल्वासा मुक्त केले.  पुढची सात वर्षे हा प्रदेश वरिष्ठ पंचायतीच्या कारभाराखाली होता आणि १९६१ मध्ये तो भारतात विलीन झाला.

टाटा मेमोरियलचा कारभार १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेला. शल्यचिकित्सेचा पाया घालणाऱ्यांत गोमंतकीय डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव पहिल्या ओळीत येते. रुग्णालयासमोरचा रस्ता त्यांच्याच नावाचा आहे. मुंबईतल्याच डॉ. दाराब जस्सावाला यांनी १९५१ मध्ये नवल टाटांसह इंडियन कॅन्सर सोसायटी उभी केली. वर्षाला किती माणसांना कोणता कर्करोग होतो याची शहरव्यापी नोंद मुंबईत साठच्या दशकात सुरू झाली, ती त्यांच्याच पुढाकाराने. १९७१ मध्ये जस्सावाला आणि व्ही. ए. देशपांडे यांनी तंबाखू चघळणारे आणि ओढणारे यांच्या कर्करोगाचा तौलनिक अभ्यास छापला. विडी ओढणाऱ्याचा धोका घशाच्या खालच्या भागाकडे आणि स्वरयंत्राकडे झुकतो, हे चित्र अशा अभ्यासांतून ठसठशीत झाले. दारू सोबत असली की धोका आणखी चढतो. विडी, ताडी आणि मोहाची दारू ज्या पट्ट्यात रोजच्या जगण्याचा भाग आहे, त्या पट्ट्याशी या निष्कर्षाचा थेट संबंध होता.

गळ्याच्या दुरुस्तीत मोठी झेप याच दशकांत आली. गाठ घशात पसरलेली असली की स्वरयंत्राबरोबर घशाचाही बराच भाग काढावा लागतो आणि उरलेल्या कडा एकमेकींना पोचत नाहीत. टोरांटोचे हॅरॉल्ड वूकी यांनी १९४२ मध्ये मानेचीच कातडी आत वळवून नळी बनवण्याची रीत मांडली. काम टप्प्याटप्प्याने होई आणि मधल्या काळात लाळेला मुद्दाम वाट ठेवावी लागे. १९५९ मध्ये आतड्याचा तुकडा रक्तवाहिन्यांसह मानेत बसवला गेला. १९६० मध्ये हाँगकाँगच्या आँग आणि ली यांनी जठरच वर ओढून घशाला जोडले. १९६५ मध्ये बफेलोचे बाकामजिआन यांनी छातीच्या वरच्या भागाची कातडी मानेत फिरवली. यांपैकी प्रत्येक रीत थोडी पुढे गेली आणि कुठे ना कुठे अडली.

मग १९७९ मध्ये येल विद्यापीठातले स्टीफन अरियन यांनी छातीच्या मोठ्या स्नायूचा फ्लॅप मांडला. हा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट छातीवरून सोडवायचा, कॉलरच्या हाडावरून मानेत फिरवायचा, आणि वरची कातडी लागत असल्यास तीही सोबत न्यायची. त्याला सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडायचे कसब लागत नाही, वेळ कमी लागतो आणि तो सहसा मरत नाही. भारतीय कर्करोग रुग्णालयांत, जिथे रुग्णांची रांग संपत नाही, तिथे हा फ्लॅप घरचा झाला. वॉर्डातले डॉक्टर त्याला नुसते 'पीएमएमसी' म्हणतात. पुढे मनगटाजवळची कातडी आणि मांडीची कातडी रक्तवाहिन्यांसह जोडण्याच्या रीती आल्या आणि दोन्हींची सुरुवात चीनमधल्या सर्जनांनी केली. तरीही छातीचा फ्लॅप मागे पडला नाही.

या फ्लॅपने एक गोष्ट अनायासे शिकवली आणि तीच या इतिहासाची खरी कलाटणी आहे. तो फक्त भगदाड बुजवायला वापरायचा असे ठरले होते. पण घशाच्या कडा व्यवस्थित जुळत असतानाही, नुसत्या शिवणीवर पांघरुणासारखा स्नायू अंथरला, तर गळती कमी होते असे दिसू लागले. टाके तेच, हातही तेच. बदलले होते ते शिवणीखालचे आणि शिवणीवरचे रक्त.

रेडिएशनचे जुने देणे नेमके इथे उघड झाले. किरणांनी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंती जाड होतात, ऊतकांना प्राणवायू अपुरा पडतो, मांस चिवट आणि निर्जीवसारखे होते. शेक संपून महिने, कधी वर्षे उलटली तरी हा बदल मागे फिरत नाही. असा गळा शिवला की टाका बसतो, पण जखम भरून येण्याचे सामर्थ्य त्या मांसात उरलेले नसते.

१९९१ नंतर हा प्रश्न सर्वत्र पसरला. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३३२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एका गटाला शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, तर दुसऱ्याला आधी केमोथेरपी आणि मग रेडिएशन देण्यात आले. दोन्ही गटांत दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सारखे, ६८ टक्के, निघाले. केमोच्या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले. २००३ मध्ये छापलेल्या दुसऱ्या मोठ्या अमेरिकी चाचणीने केमो आणि रेडिएशन एकाच वेळी द्यावे असे सुचवले. जगभरच्या रुग्णालयांनी शस्त्र मागे ठेवले. आवाज वाचणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि हा बदल योग्यच होता. मात्र ज्यांचा कर्करोग उलटतो त्यांच्यासाठी स्वरयंत्र काढणे हा शेवटचा उपाय उरतो, आणि ते काढायचे असते शेकाने भाजलेल्या गळ्यातून. २००३ च्या याच चाचणीतल्या अशा १२९ शस्त्रक्रियांचा हिशेब त्याच वर्षी आला. आधी फक्त रेडिएशन झालेल्यांत गळती १५ टक्के, तर दोन्ही उपचार एकत्र झालेल्यांत ३० टक्के. जी गळती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे हटत होती, ती नव्या औषधाच्या वाटेने परत आली.

आता मोजदाद सुरू झाली. २००६ मध्ये पायदारफर आणि बर्कमेयर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून चार गोष्टी ठळकपणे पुढे ठेवल्या: शस्त्रक्रियेनंतर १२.५ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन, आधी श्वासासाठी मानेत पाडलेले छिद्र, आधीचे रेडिएशन, आणि रेडिएशन झालेल्या मानेत त्याच वेळी गाठीही काढणे. २०१३ मध्ये आठ अमेरिकी केंद्रांतल्या ३५९ रुग्णांचा अभ्यास आला. हे सगळे रेडिएशननंतर स्वरयंत्र काढलेले होते आणि त्यांतल्या २७ टक्क्यांना गळती झाली. नुसती शिवण घातलेल्यांत ती ३४ टक्के, भगदाडात फ्लॅप बसवलेल्यांत २५ टक्के, आणि शिवणीवर स्नायू अंथरलेल्यांत १५ टक्के होती. २०१४ च्या एका मोठ्या एकत्रित पाहणीत पहिलाच उपचार म्हणून स्वरयंत्र काढलेल्यांत गळतीचे प्रमाण सुमारे १४ टक्के, तर रेडिएशननंतर काढलेल्यांत सुमारे २८ टक्के निघाले.

हिमोग्लोबिनचा आकडा जपून वाचायला हवा. रक्त कमी असणे हे बहुधा एका मोठ्या दुबळेपणाचे दृश्य टोक आहे. गिळता न येणारा माणूस महिनोन्‌महिने पातळ पेजेवर जगलेला असतो, त्याचे वजन गेलेले असते, रक्तातले अल्ब्युमिन उतरलेले असते. अशा शरीरात जखम भरायला लागणारे प्रथिन कमी पडते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रक्ताची बाटली लावून १२.५ चा आकडा गाठला की गळती टळेल, असा अर्थ त्या अभ्यासातून निघत नाही. आधीच्या दोन-तीन आठवड्यांत नळीने दिलेले पोषण जास्त मोलाचे. मधुमेह, चालू असलेले धूम्रपान, कडेला राहून गेलेला कर्करोग, आणि घशाच्या खालच्या भागातली मोठी गाठ, यांचेही वजन वेगवेगळ्या अभ्यासांत दिसले आहे. थायरॉइडकडे बरीच वर्षे कोणाचे लक्ष नव्हते. ती ग्रंथी किरणांच्या वाटेत येते आणि शस्त्रक्रियेत तिचा काही भाग काढावा लागतो. तिचा स्राव कमी पडला की जखम मंदावते, आणि असे रुग्ण गळतीच्या यादीत जास्त दिसतात हे मिशिगनच्या सर्जनांनी दाखवले. इथे उपाय स्वस्त आहे: रक्ताची तपासणी आणि रोजची एक गोळी.

लवकर तोंडाने खायला दिल्याने शिवण उसवते, ही समजूत मात्र फारशी टिकली नाही. रेडिएशन न झालेल्या रुग्णांत लवकर खाऊ घातल्याने गळती वाढल्याचे अभ्यासांतून दिसले नाही. तरी बहुतेक सर्जन सात ते दहा दिवस थांबतात, आणि शेकलेल्या गळ्यात त्याहून जास्त.

सिल्वासाचा संबंध इथे पुन्हा येतो. १९६५ मध्ये पिपरियात औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे करसवलतींनी कारखाने वाढले आणि भाताच्या खाचरांच्या प्रदेशात उत्तरेकडून आणि महाराष्ट्रातून कामगार आले. बराच काळ आजाऱ्यांचा भार शहरातल्या श्री विनोबा भावे नागरी रुग्णालयावर होता. नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि २५ एप्रिल २०२३ रोजी ती राष्ट्राला अर्पण झाली. ७ मार्च २०२५ रोजी ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचा पहिला टप्पा सुरू झाला. कर्करोगाची मोठी केंद्रे अजून दूर आहेत, दक्षिणेला परळचे टाटा आणि उत्तरेला अहमदाबादचे गुजरात कर्करोग संशोधन संस्थेचे रुग्णालय. पण जोखमीची यादी पुन्हा वाचली, तर तिच्यातल्या अनेक गोष्टी परळच्या शस्त्रक्रियागृहाबाहेरच ठरून गेलेल्या असतात.

श्वास कोंडलेला रुग्ण रात्री दोन वाजता येतो तो जवळच्या रुग्णालयात. तिथे मानेत छिद्र पाडणे हाच धर्म आहे. पुढच्या जोखमीच्या भीतीने ते टाळायचे नसते. पण आवाज तीन आठवडे घोगरा राहिल्याबरोबर त्या माणसाचा घसा दुर्बिणीने पाहिला असता, तर बहुधा ती रात्र आलीच नसती. रक्तक्षयाचेही तसेच. या प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. स्वरयंत्राचा कर्करोग पुरुषांत जास्त असला तरी घरातले ताट एकच असते. शिवाय दक्षिण गुजरात आणि दादरा-नगर हवेलीतल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णाची ती तपासणी आधीच झालेली असेल, तर भूलतज्ज्ञ प्राणवायू आणि पाणी यांची जास्त काळजी घेऊ शकतो. वजन, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि सिकलसेल या पाचही गोष्टी सिल्वासातच मोजता येतात, आणि तो कागद सोबत गेला तर परळच्या सर्जनला शिवणीवर स्नायू अंथरायचा की नाही हे ठरवायला आधार मिळतो.

गळती झालीच, तर उपचार जुनेच आहेत आणि त्यांना धीर लागतो. मान लाल होते, ताप चढतो, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास जखमेतून पाणी झिरपते. तोंडाने खाणे बंद, नाकातल्या नळीने अन्न, जखम उघडून धुणे, दिवसातून दोनदा कापसाची घडी भरणे, वरून दाबाची पट्टी, प्रतिजैविके. काही केंद्रे घशात तात्पुरती सिलिकॉनची नळी ठेवतात, म्हणजे लाळ शिवणीला न लागता खाली जाते. बहुतेक लहान गळत्या काही आठवड्यांत अशाच बुजतात. मोठ्या गळत्यांना पुन्हा छातीचा स्नायू आणावा लागतो. पट्टीवर अचानक ताजे रक्त दिसले, अगदी चमचाभर, तरी ते मोठ्या धमनीचा इशारा समजून रुग्णाला त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात हलवायचे असते. घरी पट्टी बदलणाऱ्या माणसाला ही एक खूण आधीच सांगून ठेवावी लागते.

जखम बुजली की रुग्णाला निळ्या रंगाचे पाणी प्यायला देतात आणि मानेवर पांढरी घडी ठेवतात. घडी निळी झाली नाही, तर नाकातली नळी निघते आणि पेज सुरू होते.